मारबतीत गेलेला बैल

"मोठीआई, माहा शेंद्र्या कुठं हाय?"

मोठीआई अंगणातल्या दगडावर उभी राहून पाय धूत होती. गुडघ्यापर्यंत चिखल होता. ती नुकतीच शिवेवरून परत आली होती आणि तिचं रिकामं टोपलं बाजूला पालथं पडलं होतं.

"कोण शेंद्र्या?"

"माहा बैल. रातच्यानं दारात ठेवला होता. मेढ्यापाशी."

तिच्या हातातला तांब्या मध्येच थांबला. तिनं दाराकडे पाहिलं. दाराच्या दोन्ही बाजू झाडून लख्ख झालेल्या होत्या. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मेढ्यापाशी कायले ठेवला होता वं तू?"

पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्या वर्ध्याकडच्या गावांत पोळ्याला दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. रात्रभर त्यांनी दार राखायचं आणि घरातली रोगराई आपल्यावर ओढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घरातली बाई ते मेढे, जुना झाडू, फुटकं गाडगं, असलं सगळं टोपल्यात भरते आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकते. या सगळ्यालाच मारबत म्हणतात. टाकताना ओरडायचं, "खांसी-खोकला घेऊन जाय गे मारबत! ढेकूण-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" मागं न बघता घरी यायचं आणि पाय धुऊन आत शिरायचं. मोठीआई पाय धूत होती ती त्यासाठी.

आणि मी शेंद्र्याला मेढ्यापाशी ठेवला होता तो राखणीला. माझा धाकटा भाऊ प्रल्हाद तापानं फणफणला होता. दीड वर्षाचं लेकरू. पोळ्याच्या दिवशी दुपारी त्याला थंडी वाजून ताप भरला आणि आई त्याला पदराखाली घेऊन बसून राहिली. पुरणपोळी कोणी धड खाल्ली नाही. मला वाटलं, पळसाच्या फांद्यांपेक्षा बैल बरा. फांदीला काही शिंगं नसतात.

"अंधार होता, रत्ने," मोठीआई म्हणाली. "मेढ्यापाशी जे हाताले लागलं ते टोपल्यात भरलं. त्यातच गेला असन."

"मग आणून दे."

"मारबतीत गेलेलं आणत नसतेत."

"पण त्यो मोडका नव्हता. त्यो कचरा नव्हता."

"धीरे बोला वं!" छपरीतून आईचा आवाज आला. "आताच डोळा लागला त्याचा." आई खाटेवर बसली होती. प्रल्हाद तिच्या मांडीवर झोपला होता, कपाळावर घामाचे थेंब. पहाटे त्याचा ताप उतरला होता. "काय गेलं मारबतीत?"

मोठीआईनं सांगितलं.

 आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. मोठ्या माणसाला सुटल्यासारखं वाटतं तेव्हा तसं दिसतं. "म्हणूनच उतरला," ती म्हणाली. "पाहा ना बाई, तुम्ही गेल्या न इकडं याले घाम फुटला. बैलानंच नेला याचा ताप."

"मले माहा बैल पायजे," मी म्हणाले.

"भाऊ पायजे का बैल पायजे?"

 मला दोन्ही पाहिजे होतं, आणि त्यात न पटण्यासारखं काय आहे ते मला समजत नव्हतं.

शेंद्र्या सागवानाचा होता. बाबांनी बंडीची, म्हणजे बैलगाडीची, दांडी बदलली तेव्हा उरलेल्या तुकड्यातून गावच्या सुतारानं तो करून दिला होता. एक शिंग किंचित आखूड होतं आणि एक चाक अडायचं, त्यामुळे दोरी ओढली की तो तिरपा चालायचा. शेंदरी रंग मी स्वतः लावला होता. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गावातली पोरं आपापले लाकडी बैल सजवून मारुतीच्या पारापुढे रांगेत उभी राहतात. मग दारोदार नेऊन बोजारा मागायचा. कोणी लाडू देतं, कोणी पाच-दहा पैसे. मागच्या वर्षी त्या रांगेत मी एकटीच पोरगी होते. "पोट्टीच्या हातात कासरा कायले?" असं तुळसाबाई शेजारीण म्हणाली होती, आणि मी रांग सोडली नव्हती. यंदाचा तान्हा पोळा त्याच संध्याकाळी होता.

बाबा गोठ्यातून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुसरा करून देतो. याच्याहून मोठा. त्याले घुंगरं लावू."

"दुसरा नाई पायजे."

"मग यंदा राहू दे. पुढल्या साली जाजो."

"नाई."

"आता हिले कोण समजावन?" बाबा आईला म्हणाले आणि विहिरीवर निघून गेले. बाबांना जास्त बोलायची सवय नव्हती.

मी तुळसाबाईकडे गेले. गावातले विधी कोणी कसे केले पाहिजेत हे तिला विचारायची पद्धत होती, न विचारल्यास ती स्वतः येऊन सांगायची. ती ओट्यावर कणीक मळत होती.

"काकू, मारबतीत गेलेलं परत आणलं त काय होते?"

"कोणी आणलं?" तिचे हात थांबले.

"कोणी नाई. नुसतं विचारतो." आमच्याकडच्या बायामुली 'विचारतो', 'जातो' असंच म्हणतात.

"जे न्यायला सांगतलं ते समदं त्याच्या मागं मागं घरात येते. ताप येते, खरूज येते, ढेकूण येतेत. न पहिल्याहून दुप्पट येते."

"कशाच्या मागं येते? वस्तूच्या?"

"मग कशाच्या? वस्तूवरच त बसून रायते ते."

"न जे न्यायला सांगतलं नाई ते?"

"काय?"

"जे न्यायला सांगतलंच नाई, ते बी जाते का?"

तुळसाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुह्या मायले सांग," ती म्हणाली, "हिच्या डोक्यात तेल घाल. उन्हानं तापलं हाय."

ऊन कुठं नव्हतं. आभाळ भरून होतं. मी घरी न जाता सरळ शिवेकडे निघाले.

शिव म्हणजे नाल्याच्या अलीकडे एक शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्या पलीकडे खड्डा. खड्ड्यात सगळ्या गावाची मारबत पडली होती. पळसाच्या फांद्यांचा ढीग, त्यावर झाडू, टोपल्यांचे बूड, एक मोडकी चप्पल. कोणीतरी ढीग पेटवून दिला होता, पण ओल्या पळसानं नुसता धूर धरला होता. मी दगडाच्या अलीकडे उभी राहून बघू लागले. शेंद्र्या लगेच दिसला. तो ढिगात नव्हता. ढिगावरून घरंगळून खड्ड्याच्या काठाला अडकला होता. चारी चाकं वर. पोटाखाली थोडं काळं झालं होतं.

हात लांब केला असता तर मिळाला असता. मी हात लांब केला नाही.

मी खरंच घाबरले होते. बैल उचलायचा आणि घरात नेऊन प्रल्हादला पुन्हा ताप भरला तर? त्याचे डोळे पोळ्याच्या दुपारी कसे फिरले होते ते मी पाहिलं होतं. प्रल्हादला धोक्यात घालायचं नव्हतं आणि शेंद्र्याला सोडून जायचं नव्हतं. म्हणून मी दगडाला टेकून खाली बसले. बैल घरी येऊ शकत नसेल तर मी पण जाणार नाही, इतकाच विचार होता. पुढचा नव्हता.

मोठीआईनं मला शोधून काढलं तेव्हा भूक लागून गेली होती. ती बांधावरून आली, पदर कमरेला खोचलेला.

"चाल घरी. माय शोधून रायली."

"बैलासंग येतो."

"बैल नाई येत."

"मग मी बी नाई येत."

"बस मग. रात्री कोल्हे येतेत इथं."

"येऊ दे. बैल बी बसून हाय."

ती माझ्या शेजारी बसली. मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच गेले होते. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत ती एकटी राहायची, वेगळी चूल मांडायची आणि आमच्या घरातली सगळी जड कामं करायची. मारबत टाकायचं काम सुद्धा दरवर्षी तीच करायची. हसायची नाही फारसं. मला ती आवडायची, कारण ती मला "लहान आहेस" असं कधी म्हणायची नाही.

"मोठीआई, तू इथं काय ओरडली होती?"

"काय ओरडतेत ते. तुले माहीत हाय."

"मले नीट सांग. सगळं सांग."

"खांसी-खोकला घेऊन जाय. ताप घेऊन जाय. ढेकूण घेऊन जाय. मोंगसे घेऊन जाय."

"न बैल?"

"बैल काय?"

"बैल घेऊन जाय म्हणली का तू?"

"बैल घेऊन जाय असं कोण म्हणते वं?" ती चिडली. "बैलाचा त सण हाय!"

"म्हणजे नाई म्हणली."

"नाई."

"मग मारबतले बैल दिलाच नाई तू. ताप दिला. ताप टोपल्यात होता, न टोपल्यातून बैलावर बसून इथं आला. बंडीत कापूस भरून जिनात नेतेत, त बाबा बैलं जिनात सोडून येतेत का?"

मोठीआई माझ्याकडे बघत राहिली. मग खड्ड्याकडे.  पळसाचा धूर आमच्याकडे वळला, तिनं डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "ओझं टाकून बैल घरी येते, असं म्हणतं तू."

"हो."

"हे कोणी शिकवलं तुले?"

"कोणी नाई."

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, एकदम म्हातारी असल्यासारखी. दगड ओलांडून खाली वाकली आणि शेंद्र्याला उचललं. मी पुढं झाले तर ओरडली, "हात नको लावू! सरक." नाल्यावर गेली. वाळू घेऊन तिनं तो घासला, पोट घासलं, चाकं घासली, शेंदूर निघाला तरी थांबली नाही. मग पदरात गुंडाळला.

"ऐक," ती म्हणाली. "घरात हा येणार नाई. माह्या खोलीत रायन. कोणी विचारलं त सांगजो, मोठीआईनं आणला. तू हात नाई लावला. काय सांगशील?"

"मोठीआईनं आणला. मी हात नाई लावला."

"जे त्याच्या मागं यायचं असन ते माह्या घरी येईन. तुमच्या नाई."

"तू मरशील का मग?"

"मरतो कायले," ती म्हणाली. "मले ढेकूण बी चावत नाई."

त्या संध्याकाळी मी तान्ह्या पोळ्यात गेले. बैल मोठीआईच्या खोलीतून निघाला, अंगणातून गेला, आमच्या उंबऱ्यापासून दूर. आई छपरीत उभी राहून बघत होती. तिनं प्रल्हादला दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्यापासून लांबच्या. मोठीआई माझ्या शेजारून चालत होती. तिला मी कधी तान्ह्या पोळ्यात पाहिलं नव्हतं.

गोष्ट आमच्या आधी पाराशी पोचली होती. "मारबतचा बैल आला रे!" एक पोरगा ओरडला, आणि दोघांनी आपले बैल उचलून रांगेत पलीकडे नेले. तुळसाबाई ताट घेऊन बैलांना कुंकू लावत होती. शेंद्र्यापाशी आली आणि थांबली.

"याले मी नाई लावत."

"नको लावू," मोठीआई म्हणाली. "दे इकडं." ताटातलं कुंकू चिमटीत घेऊन तिनं शेंद्र्याच्या कपाळी लावलं. "हा माहा बैल हाय. पोट्टी नुसती दोरी धरून हाय. बोजारा मागायले माह्यासंग येईन ती. ज्याले द्यायचा त्यानं द्या, नाई द्यायचा त्यानं दार लावून घ्या."

बरीच दारं लागली. जी उघडी राहिली तिथं मला दुप्पट लाडू मिळाले, का ते मला माहीत नाही. शेंद्र्या तिरपा चालत होता आणि मोठीआई दर वळणावर त्याला पायाच्या बोटानं सरळ करत होती.

रात्री बैल तिच्या खोलीत, तिच्या उशाशी झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रल्हादला थंडी भरली.

आईची किंकाळी ऐकून मी आत धावले तेव्हा तो खाटेवर थडथड उडत होता, इवले दात एकमेकांवर आपटत. मग अंग तापलं, इतकं की जवळ गेलं की झळ लागावी. बाबा दारात उभे राहिले आणि कोणाकडेच बघेनात. तुळसाबाई आली. तिनं प्रल्हादच्या पायाला हात लावला आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "सांगतलं होतं. दुप्पट येते."

आई उठली. प्रल्हादला तुळसाबाईच्या मांडीवर दिलं आणि अंगण ओलांडून मोठीआईच्या खोलीत शिरली. बाहेर आली तेव्हा शेंद्र्या तिच्या हातात होता, पदराच्या टोकानं धरलेला. मी दोरीला लटकले. तिनं दोरी हिसकली, मी सोडली नाही, अंगणात फरफटत गेले.

"सोड!"

"नाई सोडत!"

"यमुने, ठेव त्याले खाली." मोठीआई विहिरीवरून आली होती. डोक्यावरची घागर तशीच.

"नाई ठेवत बाई. शिवेच्या पलीकडं नाल्यात फेकतो. वाहून गेला पायजे."

मोठीआईनं घागर उतरवली. "बैल कोणी आणला?"

"तुम्ही आणला. तुम्हीच आणला!"

"कोणाच्या खोलीत झोपला?"

"तुमच्या."

"मग ताप कोणाले यायले पायजे?" ती आईच्या अगदी समोर आली आणि तिचा मोकळा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला. "पाह्य. थंड हाय का नाई? मारबत इतकी येडी हाय का, माहं घर सोडून तुह्यात घुसन?"

आईनं हात ओढून घेतला. तिचा आवाज फुटला. "तुमचं काय जाते बाई? तुम्हाले कोण हाय जायले?"

 बाबांनी "यमुना" असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

मोठीआई रडली नाही, चिडलीही नाही. तिनं खाली पडलेला पदर उचलून खांद्यावर घेतला.

"होती," ती म्हणाली. "तू या घरात आली तेच्या आधी होती. शेवंता. पाचवं लागलं होतं तिले. असाच ताप होता, थंडी वाजून. माह्या सासूनं म्हटलं, हिची बाहुली मारबतीत टाक, बाहुलीसंग ताप जाईन. मी टाकली. ताप उतरला."

ती थांबली. मला वाटलं, संपलं.

"दुसऱ्या रोजी पुन्हा भरला. भाऊजी बंडी जुपतो म्हणत होते, तालुक्याले नेतो म्हणत होते. आम्ही म्हटलं, थांबा, मारबतनं नेला हाय, जाईन हळूहळू. थांबलो आम्ही. ती बाहुली मागत रायली न आम्ही वाट पाहत रायलो. बाहुली बी नाई आणून दिली मी तिले. भीती वाटत होती." ती आईकडे बघत होती, पण आईला दोष देत नव्हती. नुसतं सांगत होती. "मी वाट पाहून पाहिली हाय, यमुने. तू नको पाहू. त्याले चादरीत घाल. भाऊजी, बंडी जुपा."

बाबा गोठ्याकडे धावले. मी त्यांना धावताना आयुष्यात तेव्हाच पाहिलं.

आईच्या हातातून शेंद्र्या सुटला. मी उचलला. या वेळी मला कोणी हात लावू नको म्हटलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतची वाट चिखलानं भरलेली होती. प्रल्हाद आईच्या मांडीवर होता आणि मोठीआई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.  मी बंडीच्या मागच्या टोकाला बैल पोटाशी धरून बसले होते, शक्य तितकी लांब, आई पुन्हा काही म्हणू नये म्हणून. नाल्याशी बंडी अडकली तेव्हा मोठीआई उतरली आणि चाकाला खांदा लावला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी प्रल्हादच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतलं आणि विचारलं, ताप कोणकोणत्या दिवशी आला?

"पोळ्याच्या रोजी आला," मी म्हणाले. "दुसऱ्या रोजी, करीले, नव्हता. आज आला."

"त्याच्या आधी?"

आईला आठवेना. मोठीआईला आठवलं. पोळ्याच्या दोन दिवस आधीही लेकरू कुरकुरत होतं, पण सगळ्यांना वाटलं दात येतायत. मधला दिवस मात्र खेळत होतं.

"एक दिवसाआड," डॉक्टर म्हणाले. "हिवताप आहे. उतरतो आणि परत येतो, त्याची रीतच तशी. उतरला म्हणून गेला असं नसतं. गोळ्या देतो, गुळात कुस्करून द्या. ताप नसला तरी द्यायच्या. पुरत्या द्यायच्या."

"उतरला म्हणून गेला असं नसते," मोठीआई हळूच म्हणाली. डॉक्टरांना वाटलं ती त्यांच्याशी बोलतेय. त्यांनी मान हलवली.

कडू गोळ्या गुळात कुस्करून द्यायचं काम मोठीआईनं घेतलं. प्रल्हाद थुंकायचा, ती पुन्हा द्यायची. ताप एकदा परत आला, मग आला नाही. गोळ्या संपल्या. पण बैल मोठीआईच्याच खोलीत होता. मला कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण त्याला घेऊन आमचा उंबरा ओलांडायचं धाडस मला होत नव्हतं. मी रोज तिच्याकडे जाऊन खेळायचे आणि अंधार पडला की त्याला तिथंच ठेवून यायचे. आई त्या दिवसापासून मोठीआईशी बोलली नव्हती. आकस नव्हता. तिची नजर वर उठत नव्हती.

एका सकाळी मी मोठीआईच्या दारात बैल ओढत होते. आई अंगण ओलांडून आली. प्रल्हाद कडेवर. दाराशी येऊन ती थांबली. आत मोठीआई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

प्रल्हादनं बैल पाहिला आणि दोन्ही हात पसरले. आईनं त्याला खाली ठेवलं. तो रांगत आला, शेंद्र्याला शिंगानं धरलं आणि आखूड शिंग तोंडात घातलं. मी आईकडे पाहिलं. तिचा हात पुढं आला, अर्ध्यात थांबला आणि मागं गेला. प्रल्हाद शिंग चघळत राहिला, लाळ बैलाच्या पाठीवरून खाली आली.

"साबणानं धुतला हाय मी," मोठीआई आतून म्हणाली.

"मी काही म्हटलं का?" आई म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली. मोठीआईच्या सुपातले मूठभर तांदूळ स्वतःच्या पदरात ओढून घेतले आणि खडे वेचू लागली. बराच वेळ दोघीही वेचत होत्या. मग आईनं खाली बघूनच विचारलं, "बाई, शेवंताची बाहुली कशी होती?"

मोठीआईचं बोट तांदळात थांबलं. गावात, घरात, इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नसावं. ती सूप मांडीवर सरळ करत राहिली.

"चिंध्याची होती," ती म्हणाली. "मीच शिवली होती. डोळे काजळानं काढले होते." मग तिच्या ओठांशी काहीतरी हललं, आणि मोठीआई हसू शकते हे मी पहिल्यांदा पाहिलं. "एक डोळा वर गेला तिचा. शेवंता म्हणे, माय, हे सारखी आढ्याकडंच पाह्यते. हिले झोपच येत नाई."